गाय संपावर जात नाही

१ जून २०१७ ला पुणतांब्याचे शेतकरी संपावर गेले, त्या दिवशीही गोठ्यातले दिवे पहाटे नेहमीच्या वेळेलाच लागले. दूध डेअरीवर जाणार नव्हतं. भाजीचा टेम्पो भरायचा नव्हता. खरीप पेरायचा तो घरापुरताच, असं ३ एप्रिलच्या ग्रामसभेत ठरलं होतं आणि दोन महिन्यांत ती हाक राज्यभर पोचली होती. गायींना मात्र तो ठराव कुणी वाचून दाखवला नव्हता. कास भरली, गायी हंबरायला लागल्या, आणि संपकरी बादल्या घेऊन धारेला बसले.

त्या पहाटेवरून मामा-भाचीचा एक वाद अजून मिटलेला नाही. मामा म्हणजे गोदावरीकाठच्या या पट्ट्यात कुठंही भेटावेत असे गृहस्थ: साठी ओलांडलेली, चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, थोडा ऊस, थोडा घास, थोडा मका. भाचीच्या आईचं हे माहेर. ती स्वतः पुण्यात, हिंजवडीला, एका कंपनीत प्रशिक्षणाचं काम बघते आणि ‘चांगल्या सवयी कशा लावून घ्याव्यात’ या विषयावर दोन तासांचं सत्र घेते. नावं इथं दिलेली नाहीत, कारण ही माणसं कुणा एका घरची नव्हेतच. अशी जोडी या भागात घरटी एक निघेल.

दिवाळीत भाची येते आणि ओट्यावर चहाबरोबर विषय निघतोच. तिचं म्हणणं, माणसानं आपली दिनचर्या आपण घडवावी. ती घडली की आयुष्य घडतं. मामांचं म्हणणं, दिनचर्या आधीपासून असतेच, माणूस तिच्यात येऊन पडतो आणि तिला सांभाळता सांभाळता म्हातारा होतो. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. दोघांकडंही पुरावे आहेत.

“मामा, आपलं जवळजवळ निम्मं जगणं नकळत चालतं,” भाची सांगते. वेंडी वुड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला टिपण करायला सांगितलं: आत्ता काय करताय, कुठं करताय, मनात काय चाललंय. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुमारे ४३ टक्के कामं अशी निघाली, की जी जवळजवळ रोज, बहुधा त्याच जागी होत होती. हात आपलं काम करत होते आणि डोकं दुसरीकडंच होतं.

“त्रेचाळीसच?” मामा विचारतात. “शाळा-कॉलेजातली पोरं होती म्हणून. माझ्याकडं टिपण करायला दिलं असतं तर नव्वद निघाले असते. आन् डोकं दुसरीकडं कुठं असतं, ते इचार. सोसायटीच्या हप्त्याकडं असतं.”

भाची हसते, पण सोडत नाही. तिच्या सत्रातला दुसरा दाखला लंडनचा. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला लावली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी जेवणाआधी पळायचं, आणि ८४ दिवस नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडं ऐकू येतं, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची स्वतःलाच सवय व्हायला निदान एकवीस दिवस तरी लागतात, एवढंच त्यानं लिहिलं होतं. ‘निदान’ गळून गेलं आणि एकवीस उरले. लॅलींच्या अभ्यासातली भाचीची आवडती गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. सत्रात हे वाक्य आलं की समोरच्यांचे चेहरे खुलतात.

मामांचा चेहरा खुलत नाही. “एखादा दिवस चुकला तर बिघडत न्हाई म्हणणाऱ्या बाईनं गाय पाळलेली न्हाई.”

इथं मामांची बाजू समजून घ्यायला गोठ्यात जावं लागतं. एचएफ गाय दिवसातून दोनदा पिळायची आणि दोन धारांत साधारण बारा तासांचं अंतर ठेवायचं. कास कोमट पाण्यानं धुतली, बादलीची कडी वाजली, पुढ्यात सरकी पेंड पडली, की गायीच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि दूध सडांकडं उतरतं. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात धार उरकायची. मुरलेली गाय तर कासेला हात लागायच्या आत, नुसत्या बादलीच्या आवाजानं पान्हा सोडते. पाव्हलॉव्हनं कुत्र्यांवर प्रयोग करून जे जगाला सांगितलं, ते गोठ्यात रोज दोनदा घडत असतं. उलट वेळ चुकली, हात नवा असला, शेजारी कुत्रं भुंकलं, की तीच गाय पान्हा चोरते. दूध कासेत राहिलं की पुढच्या वेळी कमी येतं, आणि असं वरचेवर झालं की दगडीची, म्हणजे कासदाहाची, भीती. सड टणक होतात, दूध नासतं, डॉक्टर येतो, दोन-तीन हजार सहज जातात आणि कधी कधी सड कायमचा बसतो.

धार झाली की डेअरी. काटा सुरू व्हायची वेळ ठरलेली, बंद व्हायचीही ठरलेली. कोड नंबर सांगायचा, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) उमटतं, पावती हातात पडते. पोचायला उशीर झाला तर गाडी थांबत नाही. उन्हाळ्यात कॅनमधलं दूध दोन-तीन तासांत फाटायला लागतं. शीतकरण केंद्रात ते चार अंशांवर आणलं, की तिथून टँकर शहराची वाट धरतो.

“तुझा सहाचा चहा,” मामा म्हणतात, “माझ्या साडेचारवर उभा हाय. तू सहाला उठायची सवय लावून घेतलीस, चांगलं केलंस. मी साडेचारला उठायची सवय लावून घेतली न्हाई. मला कुणी इचारलंच नव्हतं.”

हा मुद्दा भाचीच्या सत्रात नसतो. सवयींवरची बहुतेक पुस्तकं असं धरूनच चालतात, की दिवस वाचणाऱ्याच्या मालकीचा आहे. तो फक्त आळशी आहे म्हणून घोडं अडलंय. ज्याचा दिवस दुसऱ्यांनी आधीच वाटून घेतलाय, त्याच्यासाठी त्यांत फारसं काही नसतं.

मामा मग विजेवर येतात. “रोज एकाच वेळी झोपा, एकाच वेळी उठा, सांगतेस ना?”

“सांगते. शरीराला घड्याळ असतं, मामा.”

ते खरंच असतं. संपाच्याच वर्षी, २०१७ मध्ये, शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. काम फळमाश्यांवरचं होतं, पण माणसाच्या पेशींतही ते चक्र चालतंच. झोप, भूक, रक्तदाब, शरीराचं तापमान, सगळं त्याच्या तालावर चालतं. ते घड्याळ पुढं-मागं सरकतं, पण सावकाश. एका रात्रीत आठ-दहा तास उडी मारत नाही.

शेतीच्या फीडरला मात्र उडी मारावी लागते. राज्यात शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीनं मिळत आली आहे: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी, काठी आणि स्वेटर घेऊन दारं धरायला जायचं. या भागात ऊस उभा असला की बिबट्याचं भय नुसतं बोलण्यापुरतं नसतं. चार रात्री उसात जागायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा माणसासारखं वागायचं. धार मात्र दोन्ही पाळ्यांत साडेचारलाच. त्यातून गोदावरी कालव्याचं आवर्तन सुटलं आणि पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरलेला असला, तर पाणी आपल्या शेतावर येईल ती वेळ आपली. मग लग्न असो की सुतक.

“मोबाइलवर मोटर चालू होते आता,” भाची आठवण करून देते.

“मोटर होती. वाफ्याचं दार मोबाइलवर उघडत न्हाई.”

२०२२ च्या जूनमध्ये पुणतांब्यात पुन्हा धरणं धरलं गेलं, तेव्हा मागण्यांत शेतीला दिवसा पूर्ण दाबानं वीज हीसुद्धा एक होती. कर्ज आणि भाव यांच्या गर्दीत तिच्याकडं शहराचं लक्ष गेलं नाही. नीट पाहिलं तर ती रात्री झोपायला मिळावं म्हणून केलेली मागणी होती.

इथवर मामांची सरशी आहे. पण भाची काही लेचीपेची नाही, आणि तिचा पुढचा डाव थेट मामांच्याच अंगणातला.

“सगळं वरून आलेलं, मान्य. मग संप कसा झाला? रोज डेअरीवर जाणारे तुम्ही एक दिवस गेला नाहीत. म्हणजे सवय मोडता येते. तुम्हीच मोडलीत.”

संपाची हकिकत मराठी वाचकाला ठाऊक आहे, तरी चार ओळी. १ जूनला टँकर अडले, दूध रस्त्यावर आलं, बाजार समित्यांत आवक घटली. ३ जूनला पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी चर्चा करून संपाची हाक देणाऱ्या किसान क्रांतीच्या काही प्रतिनिधींनी संप मागं घेतल्याचं जाहीर केलं. बाकीच्यांनी ते मानलं नाही, संप चालूच राहिला आणि आंदोलनाचं केंद्र नाशिककडं सरकलं. ११ जूनला सरकारनं कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. २४ जूनला दीड लाखापर्यंतच्या माफीची, ३४,०२२ कोटींची योजना जाहीर झाली. गायीच्या दुधाचा खरेदी दर लिटरला २४ वरून २७ रुपये झाला. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, दुधाच्याच दरासाठी राज्यात पुन्हा आंदोलन करावं लागलं, हेही त्याच हकिकतीत धरायला हवं.

भाचीला त्या दहा-अकरा दिवसांतलं राजकारण फारसं नको असतं. तिला लंडन हवं असतं. तिथं फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानकं बंद, काही चालू. रोजचे प्रवासी नाइलाजानं दुसऱ्या वाटेनं कामावर गेले. पुढं तिघा अर्थतज्ज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर साधारण वीसातला एक जण संप मिटल्यावरही जुन्या वाटेवर परतलेला नव्हता. त्याला अधिक सोयीची वाट सापडली होती. ती आधीपासून तिथंच होती, पण वर्षानुवर्षं रोज जाणाऱ्याला ती शोधायची गरजच वाटली नव्हती. एक कारण असंही निघालं, की त्या रेल्वेचा सुबक नकाशा अंतरं खरी दाखवत नाही आणि लोक नकाशावर विसंबून राहतात. हा अभ्यास प्रसिद्ध झाला तोही २०१७ मध्येच.

“वीसातला एक, मामा! नुसता दोन दिवस खंड पडला म्हणून. सवय मोडल्याशिवाय ती सवय होती हेच कळत नाही. सांगा, तुम्हाला काय सापडलं संपात?”

मामा या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. मग सांगतात ते फार मोठं नसतं. सकाळचे सात वाजले आणि हाताला काम नव्हतं. डेअरीपाशी रोज भेटणारी माणसं रोज दोन मिनिटं भेटायची. त्या दिवशी ती चौकात तासन्‌तास बसली. कुणीतरी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: पेंडीचं पोतं, मुरघास, घास, रेतन, डॉक्टर, लाइट बिल. घरच्यांची मजुरी धरायची की नाही यावर भांडण झालं. धरली तर तोटा, न धरली तर चार पैसे सुटतात, असा तो हिशेब. इतकी वर्षं दहा दिवसांचं बिल हातात पडलं की तसंच पेंडीच्या दुकानात वळत होतं. त्यामुळं नफा-तोट्याचा प्रश्न पडायला मध्ये जागाच नव्हती.

“तवापासून पावती वाचतो,” मामा म्हणतात. “आधी खिशात घालायचो. तीन-पाच फॅटला बोललेला दर येगळा आन् माझ्या दुधाला पडलेला येगळा, हे तवा ध्यानात आलं.”

“बघा! नवी वाट.”

“वाट कसली? वाचून दर वाढतो का?”

दोघांचंही खरं आहे. पण इथं लंडनचा दाखला जरा लंगडतो, हे सांगायला हवं. तिथल्या प्रवाशाला दुसरी वाट होती. फाटणारं दूध हातात घेऊन उभ्या असलेल्याला दुसरं गिऱ्हाईक त्याच सकाळी लागतं. नाहीतर वाटून टाकायचं, नाहीतर ओतायचं. काहींनी वाटलं, काहींनी ओतलं. ओतल्याची छायाचित्रं देशभर छापून आली आणि शहरात हळहळ झाली. मामांना त्या हळहळीचा अजून राग आहे. रोज लिटरमागं तोटा सोसून दूध घातलं, तेव्हा ते कुणाला सांडलेलं दिसलं नाही, असं ते म्हणतात.

आतापर्यंत दोघांचं बोलणं ऐकत मामी मेथी निवडत असतात. संपाचा विषय लांबला की त्या तोंड घालतात, आणि त्यांनी तोंड घातलं की वादाची मांडणीच बदलते.

“संप यांचा झाला. माझा कुठं झाला?”

घरात रोज दोन लिटर दूध ठेवायची सवय. संपात वीस-पंचवीस लिटर घरी राहायला लागलं. चुलीवर पातेली, गॅसवर पातेली, विरजणं, ताक, तूप, आणि मग ती सगळी खरकटी, तुपकट भांडी. शेजारीपाजारी वाटायचं तर भरून द्यायचं कुणी? मामींनी. चौकात हिशेब मांडणाऱ्यांना चहा? मामींकडून. गोठ्यातलं शेण, झाडलोट, वैरण यातलं काही कमी झालं नव्हतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्या साडेचारच्या धारेचा मामा इतका वेळ दाखला देतात, ती धार चारपैकी दोन गायींची तरी मामीच काढतात. त्या दोघी मामींशिवाय कुणाच्या हाताला पान्हाच सोडत नाहीत.

“यांचं साडेचार,” मामी म्हणतात, “माझ्या चारवर उभं हाय.”

यावर मामा मिशीला हात लावतात. भाची खूश होते, कारण तिला नवी बाजू मिळाली. आणि जराशी ओशाळतेही, कारण तिच्या दोन तासांच्या सत्रात हे कुठंच नाही. आकडे मात्र तिला पाठ आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर माणसांचा वेळ कुठं जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ त्यात सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. बायका २८९ वर आल्या, पुरुष ८८ वर. बायकांची दहा मिनिटं कमी झाली ती पुरुषांनी उचलली म्हणावं, तर त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. गॅस, मिक्सर, नळ यांनी जे केलं असेल तेवढंच.

“८८ मिनिटं पुरुष घरात काय करत्यात?” मामींना खरोखरच कुतूहल आहे.

“मी डेअरीवर जातो की,” मामा म्हणतात.

“ते यात धरत नाहीत, मामा. ते पैशाचं काम.”

या तिसऱ्या आवाजानं मामांची आणि भाचीची, दोघांचीही बाजू थोडी पातळ होते. भाची म्हणत होती सवय आपली. मामा म्हणत होते सवय वरून आलेली. मामींच्या बोलण्यातून दिसतं ते असं, की एकाची सवय दुसऱ्याच्या पाठीवर बसलेली असते आणि खालच्याला ती नीट दिसते, वरच्याला नाही. शहराला मामा दिसत नाहीत, मामांना मामी दिसत नाहीत. कुणी एकानं एकट्यानं उठून आपली दिनचर्या बदलायची म्हटली, तर वरचा कोसळतो; म्हणून तो बदलू देत नाही. या लेखापुरतं सांगायचं तर मामींचा मुद्दा दोघांपेक्षा वजनदार आहे.

भाची मग एकट्याचा नाद सोडून गावावर येते. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती मोबाइल आले ते सुटेनात, म्हणून २०२२ मध्ये गावानंच ठरवलं: रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावं लागलं. पण सवय लागली, कारण ती एका घरावर सोडलेली नव्हती. भोंगा सगळ्यांना ऐकू येतो. आपल्याच पोराचा मोबाइल काढून घेतला असं कुठल्या आईला वाटत नाही.

“इथं करता येईल असं,” भाची म्हणते.

“सातला?” मामा आणि मामी एकदमच विचारतात. सातला संध्याकाळचं दूध डेअरीवर असतं, गायींना वैरण टाकायची असते, स्वयंपाक चुलीवर असतो. वडगावचा भोंगा पुणतांब्याच्या घड्याळाला तसाच्या तसा बसत नाही. साडेआठचा बसेल, असं मामी म्हणतात. तेव्हा त्यांची मालिका असते, तीही बंद होईल, पण बघू.

वाद इतका लांबला की चांगदेव येणारच. गाव त्यांचं आहे. गोदाकाठी त्यांची समाधी आहे आणि इथल्या पोरासोरांनाही कथा तोंडपाठ असते: योगाच्या बळावर काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला योगी, ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसला, वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना, म्हणून कागद कोराच पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं झाली तरी हा कोराच. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या धाडल्या, ती चांगदेव पासष्टी.

“चौदाशे वर्षं नेम चुकला नाही,” भाची म्हणते, “आणि एक मायना ठरवता आला नाही. नेमानं माणूस टिकतो, मामा. शहाणा होतोच असं नाही.”

मामांना हे झोंबतं. माळ घालणारे ते. पहाटेची धार आणि संध्याकाळचा हरिपाठ, दोन्ही त्यांच्या लेखी एकाच पंक्तीतले. “नेमात खोट नव्हती,” ते म्हणतात. “नेमाचा ताठा होता. तो गेला तवा चांगदेव मुक्ताईपुढं बसला. पण बसायला तरी चौदाशे वर्षं टिकला कशावर? नेमावरच ना? माझा बा गेला, त्या दिवशी पण मी धार काढली. माणसं म्हणली, याला काही वाटत न्हाई. आरं, धार होती म्हणून मी उभा होतो.”

हे ऐकल्यावर भाची काही बोलत नाही. लॅलींचा अभ्यास, वुडबाईंची टिपणं, यांत या गोष्टीला रकाना नाही. दुःखात, कर्जात, दुष्काळात माणसाला अंथरुणातून उठवणारी जी गोष्ट असते, ती त्याला जखडणारीही असते, आणि दोन्ही कामं तीच एक बादली करते. मामा तिला टाकून द्यायला तयार नाहीत, ते उगीच नाही.

पण मामी तयार आहेत, निदान थोड्या दिवसांपुरत्या. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी इथल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातूनच पंढरपूरला जाते. गावातल्या बायका तिच्याबरोबर चालतात. मामी दरवर्षी त्यांना वाटेला लावून परत येतात. या आषाढीला आपणही जाणार, असं त्यांनी आत्ता, दिवाळीतच, मेथीची जुडी संपवता संपवता सांगून टाकलं.

“वीस-बावीस दिवस?” मामा दचकले. “आन् त्या दोन गायी?”

“तुमच्या हाताची सवय लावा त्यांना.”

“त्या मला उभ्या करत न्हाईत.”

“आषाढीला सात-आठ महिने आहेत,” भाचीनं हिशेब केला. “मधला आकडा सहासष्ट दिवसांचा. दोनशे चोपन्न धरले तर मात्र कालपासूनच सुरुवात करायला हवी होती.”

“ते माणसांचं,” मामी म्हणाल्या. “गाय आठवड्यात शिकती. यांचंच काय ते बघायचं. ती वासावर असती. माझं जुनं लुगडं पांघरा आन् बसा.”

मामांनी भाचीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. दूध घालून परतणारी दोन-तीन माणसं ओट्यासमोरून जात होती.

“लुगडं?”

“मोठ्या जाऊबाईंच्या बाळंतपणात भाऊजी बसलेच होते की महिनाभर. कुणी मेलं का?” मामी उठून घरात गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, “खुंटीवर टांगून ठेवते. उद्या संध्याकाळी भुरीपासून सुरुवात करा, ती जरा गरीब हाय. दुसरीजवळ एवढ्यात जाऊ नका, ती लाथ मारती.”